फेरफारातले पणजोबा: गेलेल्या माणसाचा माग कागदांतून कसा काढावा

पणजोबांचे नाव रामा, गाव सातारा जिल्ह्यातले कुठले तरी. एवढ्या भांडवलावर लोक थेट तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जातात आणि हात हलवत परत येतात. यात कारकुनाचा दोष नसतो. आपल्याकडचे जुने दप्तर माणसांच्या नावाने लावलेलेच नाही; ते गावाने, सर्वे नंबराने आणि सालाने लावलेले आहे. गाव पक्के नसेल तर पुढचे काहीही सापडत नाही. गाव पक्के असेल तर नाव चुकीचे सांगूनही माणूस सापडतो. म्हणून पहिला शोध गावाचा, आणि तो घरातूनच सुरू होतो.

घरातली ट्रंक

सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत आधी रद्दीत जाणारा कागद म्हणजे लग्नातली आहेराची वही. तिच्यात नातेवाइकांची नावे गावासह लिहिलेली असतात, आणि बहुधा नात्यांच्या गटाने: आधी भावकी, मग सोयरे, मग गावकरी. १९५५ च्या एखाद्या लग्नाची वही हाती लागली तर त्या साली कुळातली कोणकोणती घरे कुठे नांदत होती, याचा नकाशाच मिळतो. त्यानंतर पाहायच्या त्या जन्मपत्रिका. जुन्या पत्रिकांच्या मथळ्यात बापाचे, आजाचे नाव आणि गोत्र असते, आणि शके व तिथी अचूक असते, कारण ती जोशीबुवांनी जन्मानंतर लगेच मांडलेली असते. मग जुनी रेशनकार्डे, मनीऑर्डरच्या पावत्या, निधनाची पोस्टकार्डे, देवघरामागे टांगलेल्या फोटोंच्या पाठी. फ्रेम उघडून फोटोची मागची बाजू पाहाच. स्टुडिओचा शिक्का तिथे असतो आणि तो गाव सांगतो.

भावकीत कोणी जात वैधता प्रमाणपत्र काढले असेल तर आधी त्यांच्या घरी चहाला जा. त्या फाईलमध्ये अर्धे काम झालेले असते. मागासवर्गीय दाखल्यांसाठी ठरावीक तारखेपूर्वीचे पुरावे लागतात (इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०). त्यामुळे अशा घरांत आजोबांच्या शाळेचा उतारा, जुने फेरफार (जमिनीवरचे हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि शपथेवरची वंशावळ एकत्र मिळते. फक्त ती वंशावळ अर्जदाराच्या सरळ वाटेपुरतीच खरी माना. चुलत फांद्या तिच्यात घाईने भरलेल्या असतात, मुली तर बहुतेक वेळा नसतातच.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, सालाला लागून असलेली गोष्ट विचारा. आजी गेली तेव्हा बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता का? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा काका शाळेत होते की कामाला लागले होते? पुण्याच्या घरांत पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१) हा असाच खांब आहे. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळ्यांना आठवते.

श्राद्धाची तिथी हा मृत्यूच्या तारखेचा पुरावा आहे, पण तो नीट वाचायला हवा. वर्षश्राद्धाची तिथी माहीत असेल तर महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही मिळतात. सालाचा अंदाज असेल तर पंचांगावरून तारीख काढता येते. पितृपक्षातली तिथी मात्र फक्त तिथीच सांगते, महिना नाही. त्यातही अपवाद आहेत. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचे श्राद्ध अविधवा नवमीला घालतात, तेव्हा नवमी ही तिची मृत्युतिथी असेलच असे नाही. अपघाताने किंवा शस्त्राने मेलेल्यांचे चतुर्दशीला होते. तिथून तारीख निघत नाही, पण मरण कसे आले याचा धागा मिळतो. सर्वपित्रीला उरकत असतील तर तिथी बहुधा घरालाच ठाऊक नव्हती.

शाळा

पणजोबा शाळेत गेले नसतील, पण आजोबा किंवा त्यांचा एखादा भाऊ गेलाच असेल. गावच्या जिल्हा परिषद शाळेत (तेव्हाची लोकल बोर्डाची शाळा) जनरल रजिस्टर असते. मुख्याध्यापकांकडे साधा अर्ज करून, नाते दाखवणारा कागद जोडून प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. त्यात नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, आधीची शाळा, नाव घातल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे रकाने असतात.

लोक जन्मतारीख बघतात आणि पुढे जातात. ती तारीखच या उताऱ्यातली सगळ्यांत कच्ची गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण मास्तरांनी मुलगा सहा वर्षांचा दिसतो असे पाहून तारीख टाकलेली असते. पाहायचा रकाना आहे तो आधीच्या शाळेचा. कुटुंब दुसऱ्या गावाहून आले असेल तर ते गाव तिथे लिहिलेले असते. सोडल्याच्या कारणात "परगावी गेला", "मुंबईस गेला" असे असेल तर पुढची दिशाही तिथेच मिळते.

एका उताऱ्यावर थांबू नका. त्याच रजिस्टरची पाच-दहा वर्षांची पाने चाळून त्या आडनावाची आणि त्या बापाच्या नावाची सगळी मुले उतरवून घ्या. भावंडे अशीच सापडतात. कन्याशाळा वेगळी असेल तर तिचे रजिस्टर वेगळे असते, आणि बहिणींची नावे तिथे मिळतात. शाळा बंद पडली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर केंद्रशाळेत किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दप्तर कुठे गेले ते विचारावे लागते.

सातबाऱ्यावरून मागे चालत जाणे

खरा खजिना महसुलाच्या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यातल्या गावांत हक्कनोंदीची पद्धत १९१३ च्या सुमारास बसली, आणि तेव्हापासून जमिनीचा मालक मेला की त्याचे वारस कोण हे सरकारी वहीत लिहिले जाऊ लागले. तुमच्या घराण्याने गुंठाभर जमीन धरली असेल तरी शंभर वर्षांची वंशावळ या वहीत तुकड्यातुकड्याने पडलेली असते.

रीत अशी. आजचा सातबारा घ्या. नावांशेजारी (जुन्या उताऱ्यांवर वर्तुळात) आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. ज्या नावाला कंस केलेला आहे किंवा ज्यावर आडवी रेघ मारलेली आहे ते नाव कमी झालेले. यातल्या प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ चा उतारा, मागायचा. त्यात आधीच्या फेरफाराचा किंवा आधीच्या खातेदाराचा उल्लेख सापडतो. मग त्याच्या काळातला जुना सातबारा, त्यावरचे वर्तुळातले आकडे, पुन्हा फेरफार. असे एक-एक पायरी मागे जायचे. मधली पायरी गाळून थेट १९३० चा उतारा मागणाऱ्याला सर्वे नंबरच माहीत नसतो.

जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून भूमी अभिलेख विभागाने "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर ठेवले आहेत. आधी तिथे बघा. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर टाकून शोध होतो. जे तिथे नाही ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. नकलेच्या अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लावून गाव, सर्वे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत ते लिहा. "आमच्या पूर्वजांचे सर्व कागद" असे लिहिलेला अर्ज कोणी हातात धरत नाही.

हमखास अडतो तो मुक्काम गट नंबरांचा. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा, पण योजना गावोगाव वेगवेगळ्या साली लागू झाली, आणि तिथे जुने सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. गट १८३ म्हणजे पूर्वीचा कोणता सर्वे नंबर, हे तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून कळते. तिथे "नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा" म्हटले की समजतात. तो हाती आला की एकत्रीकरणाच्या मागची वाट उघडते.

आता एक नोंद जवळून वाचू. ही नमुन्यादाखल रचलेली आहे, पण भाषा अशीच असते:

"नोंद नं. ४१७. स.नं. ४२/२ चे खातेदार गणू बिन सखू हे ता. १२-६-३४ रोजी मयत. वारस मुलगे १ तुका २ धोंडू अज्ञान अ.पा.क. आई कोंडाबाई कोम गणू. पैकी तुका यांचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. वर्दी तुका गणू, ता. ३-२-३७."

"बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा ("वल्द" असेही लिहितात), म्हणून गणूचा बाप सखू. एका शब्दात एक पिढी मागे गेलो. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता: धोंडू वर्दीच्या (तलाठ्याला खबर दिली त्या) दिवशी अठरा वर्षांखालचा होता, तेव्हा त्याचा जन्म १९१९ च्या आधीचा असू शकत नाही, आणि कोंडाबाई १९३७ साली हयात होती. मृत्यू आणि नोंद यांत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला आहे, हेही नेहमीचेच. वर्दी तेव्हाच दिली जायची जेव्हा कर्ज काढायचे असे, वाटणी करायची असे किंवा तलाठ्याने मागे लागून लिहून घेतले असे. वर्दीची तारीख मृत्यूची तारीख म्हणून उतरवणे ही नवख्यांची सर्रास चूक.

सगळ्यांत मोठा चकवा शेवटच्या ओळीत आहे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर (कुठे ए.कु.क., कर्ता, असेही लिहितात). यापुढच्या सातबाऱ्यावर फक्त तुकाचे नाव दिसेल. धोंडू कागदावरून नाहीसा होतो, पण तो जिवंत आहे, त्याला मुलेबाळे होत आहेत, आणि वीस-तीस वर्षांनी वाटणीच्या फेरफारात त्याची अख्खी शाखा अचानक उगवते. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे भाऊ नव्हता, असे कधीही धरू नका. वाटणीचा फेरफार शोधा, नाही तर वंशावळीची एक बाजू कायमची कोरी राहते.

आणि या नोंदीत मुली नाहीत. गणूला चार मुली असतील, तरी १९३७ साली त्या वारस म्हणून लिहिल्या जाण्याचे कारण नव्हते. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला, त्यानंतरच्या वारस फेरफारांत लेकी दिसू लागतात, बहुधा सासरच्या नावाने आणि गावासह. कधी त्यांची नावे सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात टाकलेली असतात. म्हणून एखाद्या बाईचे माहेर शोधायचे असेल तर तिच्या बापाचा किंवा भावाचा १९५६ नंतरचा फेरफार हा पहिला कागद; दुसरा म्हणजे हक्कसोडपत्र. ते नोंदवलेले असते आणि त्यात बहिणी एकेक करून नाव, वय, राहण्याचे गाव यांसह येतात. दुय्यम निबंधक कार्यालयात व्यक्तीच्या नावाची सूची एक आणि मिळकतीची सूची दोन असते. जमिनीच्या दस्तांच्या या सूच्या शुल्क भरून कोणालाही पाहता येतात.

जमीनच नव्हती तर

हे फार लवकर गृहीत धरले जाते. मालकी नसेल पण कूळ म्हणून कसत असतील, तर जुन्या सातबाऱ्यावर कुळाच्या रकान्यात नाव असते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळकायद्याच्या कलम ३२ग खाली चौकश्या झाल्या, त्यांत कुळाचे जबाब आहेत. कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने संपली. तिथली बरीच घराणी त्याआधी फक्त कूळ म्हणूनच दिसतात. वतनदार असतील, मग ते पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी कोणीही असोत, तर वतनाच्या रजिस्टरात आणि इनामाच्या चौकशीच्या कागदांत वंशावळच मांडलेली मिळू शकते, कारण वतन कोणाच्या वाटेने आले हे सिद्ध करावे लागे. कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने गेली. त्या वेळच्या पुन्हा जमीन देण्याच्या आदेशांत वारसांची नावे येतात. "आमच्याकडे काहीच कागद नाही" असे म्हणणाऱ्या कित्येक घरांसाठी हा रस्ता उघडा असतो आणि कोणी त्यांना तो सांगितलेला नसतो.

गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) पाहा. शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिकेवर न थांबता तिच्या मागची चौकशी नोंदवही मागा. हे घर धारकाकडे कसे आले, वडिलोपार्जित की खरेदी, हे तिथे लिहिलेले असते.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, त्यामुळे जुने कागद उर्दूत. तिथे १९५४-५५ चे खासरा पत्रक हा मराठी वाचकाला पेलणारा सर्वांत जुना सोपा टप्पा. त्यामागे जायचे तर उर्दू वाचणारा सोबत हवा. पूर्व विदर्भ मध्यप्रांतात होता, तिथे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख मागतात. संस्थानांतली गावे (औंध, फलटण, भोर, जत, सांगली, सावंतवाडी, कोल्हापूर) १९४८-४९ पर्यंत वेगळ्या दप्तरात होती.

जिल्हेही बदलले आहेत. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे, लातूर १९८२ चा, नंदुरबार आणि वाशिम १९९८ चे, पालघर २०१४ चा. आजच्या जिल्ह्यात कागद नसेल तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा. धरणात गेलेल्या गावांचे दप्तर शोधताना पुनर्वसनाच्या याद्याही पाहाव्यात, त्यांत कुटुंबे माणशी मोजलेली असतात.

जन्म आणि मृत्यू

आजचा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्याआधी गावातले जन्म-मृत्यू पाटील आणि कोतवालामार्फत गाव नमुना १४ मध्ये चढत. लोक याला कोतवाल बुक म्हणतात. ही वही तहसीलच्या अभिलेख कक्षात असते, जिथे टिकली आहे तिथे. मुलाचे नाव तिच्यात बहुधा नसते, कारण बारशाआधीच नोंद व्हायची: "मुलगा, बाप तुका गणू" एवढेच. त्यामुळे आजोबांच्या नावाने शोधून काही मिळत नाही. बापाच्या नावाने, अंदाजे सालाच्या मागेपुढे तीन-तीन वर्षे, असे शोधायचे. बाळाच्या मृत्यूच्याही नोंदी असतात, आणि दोन भावंडांत सहा वर्षांचे अंतर का आहे ते तिथे कळते.

मृत्यूच्या नोंदीत वय गोल असते: ४०, ५०, ६०. पन्नास म्हणजे चव्वेचाळीस ते अठ्ठावन्न काहीही. १९७० नंतरच्या मृत्यूचा उतारा ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून मिळतो, पण मृत्यूचे कारण त्या उताऱ्यात देत नाहीत. कायद्यानेच तशी मनाई आहे, तेव्हा त्यासाठी कारकुनाशी वाद घालू नका.

२०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात जिल्ह्याजिल्ह्यांत नमुना १४, शाळेची रजिस्टरे आणि कडईपत्रके (जुने महसुली कागद) तपासली गेली, आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. तुमचा हेतू आरक्षणाशी संबंधित नसला तरी गावाच्या नावाने त्या प्रती उघडून पाहा. एरवी तहसीलला चार खेपा घालाव्या लागल्या असत्या, अशी पाने तिथे घरबसल्या दिसतात.

अर्ज करूनही उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवसांची मुदत. "आमची वंशावळ द्यावी" असे मागू नका. कार्यालय असलेला कागद देते, नसलेला बनवून देत नाही. "मौजे अमुक येथील गाव नमुना १४, सन १९२५ ते १९३५, अभिलेख पाहणीस उपलब्ध करावे" असे मागितले की नकार देणे अवघड जाते.

मोडी आणि सनावळी

१९५० च्या आधीचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडीत आधी आडवी रेघ पानभर ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. पूर्ण वाचता येण्याची गरज नाही. घराण्यातली पाच-सहा नावे, गावाचे नाव आणि "बिन", "मयत", "वारस", "मौजे" एवढे शब्द मोडीत कसे दिसतात ते कागदावर गिरवून घ्या. वही चाळताना आपले पान कोणते हे ओळखण्यापुरते ते पुरते. पुढचे काम जाणकाराचे. पुराभिलेख संचालनालय मोडी वाचनाचे वर्गही घेते. जाणकाराकडून सारांश घेऊ नका, ओळीस ओळ देवनागरी लिप्यंतर घ्या आणि न लागलेल्या शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडायला सांगा. सारांशात त्याचा अंदाज मिसळतो, आणि तो अंदाज पुढे तुमच्या घराण्याचा इतिहास होऊन बसतो.

सन पाहून इसवी काढताना: शकात ७८ मिळवा, पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखा जानेवारीनंतर पडत असतील तर ७९. फसली सन दख्खनेत जूनमध्ये, मृगाच्या सुमारास सुरू होतो. त्यात ५९० मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ५९१. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो: "इहिदे समानीन मया व अलफ" म्हणजे १, ८०, १०० आणि १०००, एकूण ११८१, त्यात ५९९ मिळवून १७८०. वहीत नेहमी मूळ सन जसा आहे तसा लिहा आणि इसवी शेजारी. बेरीज चुकली तर नंतर दुरुस्त तरी करता येते.

क्षेत्रोपाध्ये आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, प्रयाग, काशी, गया इथल्या तीर्थपुरोहितांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्या आहेत. आपले क्षेत्रोपाध्ये कोण ते मूळ गाव आणि आडनाव यांवरून ठरते, म्हणून रामकुंडावर उतरल्यावर आधी गाव सांगा, मग आडनाव, मग जात. गावाच्या पोटात उपाध्यांची घरे वाटलेली असतात. एकाकडे नसेल तर तेच योग्य घर दाखवतात.

पूर्वज अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आले तेव्हा त्यांनी बाप, आजा, भाऊ, मुले, पुतणे यांची नावे सांगून खाली सही केलेली असते. मोडीतल्या सहीवर पणजोबांचा हात फिरलेला बघणे हे एक, पण कामाची गोष्ट वेगळी: फेरफारात मालमत्तेपुरतेच वारस येतात, नामावळीत मालमत्तेबाहेरचेही येतात. लहानपणी वारलेला भाऊ, नि:संतान चुलता, दत्तक गेलेला मुलगा, सगळे. जाताना फोन करून वेळ घ्या, पितृपक्ष आणि सिंहस्थ टाळा, दक्षिणा द्या, आणि पानाचा फोटो काढण्याआधी विचारा. काही जण फोटो देत नाहीत, वाचून दाखवतात. मग तुमची आजची पिढी तिथे लिहून या.

कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात हेळवी येतात, सुगीनंतर घरोघर जाऊन वंशावळ वाचतात आणि नव्या जन्मांची भर घालतात. खानदेश-विदर्भात काही समाजांचे भाट हेच काम करतात. त्यांच्या वह्यांचा अलीकडचा चार-पाच पिढ्यांचा भाग कागदांशी चांगला जुळतो. त्यामागे वंश एखाद्या राजघराण्याला किंवा ऋषीला भिडू लागला की पेन्सिलीने लिहा. छापील कुलवृत्तांतांचेही तेच: चित्पावन, कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू घराण्यांचे असे ग्रंथ बरेच आहेत, पण आपली शाखा त्यात चुकून दुसऱ्या घराला जोडलेली नाही ना, हे एका तरी फेरफाराशी ताडून पाहावे.

मुंबईला, लढाईवर, समुद्रापार

महायुद्धात मेलेल्या शिपायांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. काही नोंदींत बापाचे नाव आणि गावही असते. फक्त आडनावाने शोधू नका, काही नोंदींत आडनाव लिहिलेलेच नसते. पलटणीचे नाव आणि गावाच्या इंग्रजी हिज्जेचे तीन-चार प्रकार लावून पाहा. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत "या गावातून इतके जण १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले" असा संगमरवरी दगड चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत असतो. त्यावर नावे नसतात, फक्त आकडे, पण शोध घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरते.

गिरणीत गेलेल्यांचे मागे उरते ते हजेरीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीचे आणि राज्य विम्याचे कार्ड. त्या कार्डांवर वारस म्हणून लिहिलेले नाव आणि त्याचे गाव हा मुंबईपासून गावाकडे परत जाणारा धागा आहे.

मॉरिशसला गिरमिटावर (करारावर मजूर म्हणून) गेलेल्यांची रजिस्टरे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. माणसाचा क्रमांक, बाप, जिल्हा, परगणा, गाव, उंची, अंगावरची खूण, जहाजाचे नाव, एवढे तपशील त्यांत मिळू शकतात. गावाची नावे गोऱ्या कारकुनाने कानावर पडली तशी लिहिली आहेत. मोठ्याने उच्चारून बघितल्याशिवाय लागत नाहीत. गोव्यात कॅथलिक घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची पुस्तके आहेत, गावकारांसाठी कोमुनिदादीचे (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे) दप्तर आहे, आणि धर्म कोणताही असो, वारसवाटपाच्या इन्व्हेंटरीच्या खटल्यांत मुली-जावयांसकट सगळे वारस मोजलेले असतात. पोर्तुगीज वाचणारा मात्र हवा.

एकाच नावाचे दोघे

नातवाला आजाचे नाव ठेवायची आपली चाल वंशावळीला जेवढी छळते तेवढे दुसरे काही नाही. गणू सखू, सखू गणू, पुन्हा गणू सखू. १८९० चा गणू सखू आणि १९४० चा गणू सखू एकच धरले की दोन पिढ्या गायब होतात आणि एक माणूस शंभर वर्षे जगतो. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे म्हणायला नाव, बापाचे नाव आणि गाव एवढे पुरत नाही; सर्वे नंबर, बायकोचे नाव किंवा भावाचे नाव यांपैकी एक तरी जुळायला हवे.

नावे वाढतातही. कागदावरचा रामा पुढे रामजी होतो, मुलगा शिकला की रामराव आणि नातवाच्या लग्नपत्रिकेत रामचंद्र. आडनावाचे तर विचारूच नका: एका पिढीत पाटील, दुसरीत मूळ आडनाव, तिसरीत गावावरून "कर". कोणी राजपत्रात छापून बदलले असेल, बहुतेकांनी मास्तरांच्या तोंडून बदलून घेतलेले असते. दत्तक गेलेल्या मुलाचा बाप बदलतो, म्हणून एखादा भाऊ वाटणीत अचानक नाहीसा झाला तर मामाच्या किंवा चुलत्याच्या गावचे फेरफार पाहा.

वहीत प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्या: मूळ पुरुष १, त्याची मुले १.१, १.२, त्यांची १.१.१. लेकींनाही क्रमांक द्या, नाही तर जावयांकडची कागदपत्रे कुठे लावायची ते कळत नाही. नावाखाली प्रत्येक गोष्टीचा आधार लिहा: "फेरफार ४१७, मौजे अमुक" किंवा "आत्याने सांगितले, २०२४". दोन आधार भांडत असतील तर दोन्ही ठेवा. संगणकावर ठेवायचे असेल तर ग्रॅम्प्स हे फुकट सॉफ्टवेअर मराठी नावे नीट घेते. वंशावळ नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याआधी हयात माणसांच्या जन्मतारखा काढून टाका, आणि दुसरे लग्न, दत्तक किंवा वाटणीतले भांडण उघड करणारे पान आधी त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकट्याने दाखवा. तुम्हाला नवा लागलेला शोध त्यांना पन्नास वर्षे ठाऊक असतो, आणि फेरफारात नसलेले कारण बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असते.